सोनूचा ‘तप’ आणि आजीचा ‘डोया’

पत्र:

माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे, सीनियर केजीत जातो. घरात त्याला सोनू म्हणतो. दिवसभर बोलत असतो, गोष्टी रचून सांगतो, पण परक्या माणसाला त्यातलं निम्मंही कळत नाही. कपाला ‘तप’, गाडीला ‘दाडी’, रंगाला ‘लंद’, सायकलला ‘चायतल’, डोळ्याला ‘डोया’. ‘एक’ मात्र कधीकधी अगदी बरोबर म्हणतो. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही सात वर्षांपर्यंत बोबडंच बोलायचे, आपोआप सुधारेल. शेजारच्या काकूंनी जिभेखालची दोरी कापून आणायला आणि वेखंड चाटवायला सांगितलंय. मिस्टरांना स्पीच थेरपीचा, म्हणजे उच्चार सुधारण्याच्या उपचारांचा, खर्च फाजील वाटतो. थंडीत सोनूचा कान दुखतो, एरवी ऐकू चांगलं येतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी त्याला वाक्य द्यायचं नाही असं ठरवलं, तर घरी येऊन रडला. लहानपणी मी त्याच्या हातात मोबाइल देत होते, त्यामुळे झालं का हे? कुठे जायचं, किती दिवस लागतील आणि घरी मी काय करू?

– एक आई, चाळीसगाव

उत्तर:

ताई, नुसतं ‘बोबडं बोलतो’ एवढंच न लिहिता तुम्ही सोनूचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. त्या यादीत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या एकीवर आत्ता लगेच काम करायला हवं, दोन काही महिने थांबू शकतात आणि एक तर चूकच नाही. घरातले सगळे एकाच वेळी ‘थांबा’ आणि ‘कापा’ म्हणताहेत, कारण सगळ्यांनी या चार गोष्टींचं एकच गाठोडं केलंय.

आधी ‘डोया’. सासूबाई घरात अहिराणी बोलत असतील, तर त्या डोळ्याला काय म्हणतात ते ऐका. खान्देशात डोया (डोळा), काया (काळा) हे रोजचे शब्द आहेत. वऱ्हाडातही ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी माणसं तर महाराष्ट्रात गावोगाव आहेत. जे मूल आजीच्या मांडीवर वाढलं ते आजीसारखं बोलणारच. तो आजीची भाषा शिकला, म्हणजे कान आणि डोकं नीट चाललंय. शाळेतली मराठी कानावर पडत गेली की ‘ळ’ही येईल, आणि मग त्याच्याकडे दोन्ही असतील. थेरपिस्टकडे जाल तेव्हा घरात अहिराणी बोलली जाते हे पहिल्याच भेटीत सांगा. मुंबई-पुण्यात शिकलेल्या एखाद्या तरुण थेरपिस्टला हे माहीत नसलं, तर ‘ळ’ही दोषांच्या यादीत जाऊन बसायचा.

आता ‘र’चा ‘ल’ आणि ‘स’चा ‘च’. ‘र’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या हिरडीमागे क्षणभर आपटून सुटावं लागतं. मोठ्यांना हे सोपं वाटतं, पण मुलांना त्यासाठी फार नेमका ताबा लागतो. ‘र’ अनेक मुलांच्या तोंडी पाच-साडेपाचला बसतो, काहींना सहावं वर्ष लागतं. ‘स’ही उशिरा पक्का होणाऱ्यांपैकी आहे. शिवाय सहा-सात वर्षांचं असताना पुढचे दात पडतात आणि चांगला येणारा ‘स’ही काही दिवस फुसफुसतो. या दोन्हींकडे थेरपिस्टचं लक्ष राहील, पण सुरुवात तिथून होणार नाही.

सुरुवात होईल ती ‘क’ आणि ‘ग’पासून. तप, दाडी, लंद, चायतल, या सगळ्यांत तोच प्रकार आहे. ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मऊ भागाला लागतो. सोनू मागचा भाग न उचलता पुढचं टोक दातांमागे लावतो, म्हणून ‘क’चा ‘त’ आणि ‘ग’चा ‘द’ होतो. दोन-अडीच वर्षांची कितीतरी मुलं असं बोलतात, आपण कौतुकाने ऐकतो आणि तीन-साडेतीनपर्यंत बहुतेकांचं ते सुटतं. पावणेपाचला टिकून राहिलं, तर आपोआप जाईल म्हणून बसण्यात अर्थ नाही. मराठीत ‘क’ आणि ‘ग’ किती वेळा येतात बघा: काय, का, कुठे, कोण, कधी, मग, सांग, एक. हे दोन आवाज बिघडले की सगळं बोलणंच बिघडल्यासारखं ऐकू येतं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं अनोळखी माणसालाही बहुतांशी कळायला हवं, असं आम्ही धरून चालतो. सोनूचं निम्मंही कळत नाही, आणि त्याचं मोठं कारण हे दोन आवाज आहेत.

घाई करायचं आणखी एक कारण आहे. जूनमध्ये काय, पुढच्या जूनमध्ये काय, तो पहिलीत जाईल आणि लिहू लागेल. मुलं आधी स्वतःशी शब्द पुटपुटतात आणि मग लिहितात. जो ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो, तो ‘ताता’ लिहिण्याची शक्यता असते. शाळा सुरू होतानाही उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलांना वाचन-लेखनात अडचणी येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सगळ्यांना येतातच असं नाही, पण ती वेळ येईपर्यंत थांबायचं कशाला?

शेजारच्या काकूंचा सल्ला मात्र प्रेमाने ऐकून सोडून द्या. जिभेखालची दोरी जिभेचं टोक खाली बांधून ठेवते, आणि ‘क’-‘ग’ला टोक लागतच नाही, मागचा भाग लागतो. उलट ज्या आवाजांना टोक वर जावं लागतं ते ‘त’, ‘द’, ‘ड’, ‘ल’ सोनू उत्तम म्हणतो, इतका उत्तम की नको तिथेही म्हणतो. म्हणजे त्याची दोरी कापली तरी ‘तप’ तो ‘तप’च राहील. दोरी खरंच आखूड असते तेव्हा जीभ ओठांच्या बाहेर नीट काढता येत नाही, वर टाळूला लावता येत नाही, बाहेर काढली की टोकाला मधोमध खाच पडते. तसं दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, पण तेव्हाही कापायचं की नाही हे थेरपिस्टने तपासल्यावर ठरवा. वेखंडाने उच्चार सुधारतात असं नाही, आणि ते जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. ‘जीभ जड आहे’ म्हणून फुगे फुगवायला, शिट्ट्या वाजवायला आणि स्ट्रॉने पाणी प्यायला लावणारेही भेटतील, काही थेरपिस्टसुद्धा. फुग्याने मूल खूश होतं. पण फुंकर मारण्याच्या सरावाने ‘क’ येत नाही, तो ‘क’ म्हणूनच येतो.

मोबाइलचं विचारलंत. तासन्‌तास स्क्रीन बघणाऱ्या लहान मुलांशी बोलणं कमी होतं आणि भाषा मागे पडू शकते, हे खरं आहे. पण सोनू गोष्टी रचून सांगतो, त्याची भाषा मागे नाही. ‘क’चा ‘त’ मोबाइलने होत नाही. अशा उच्चारदोषांचं नेमकं कारण बहुतेक मुलांत सापडतच नाही. तुम्ही आई म्हणून काही कमी केलं नाहीत, हा विषय इथेच संपवा.

सासूबाईंचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. वडीलही सात वर्षांपर्यंत बोबडे बोलायचे, हे त्या दिलासा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळं ऐकू येतं: हा त्रास काही घराण्यांत चालत येतो, आणि वडिलांना असणं हे मुलाकडे लवकर लक्ष द्यायचं कारण आहे. मिस्टरांशी खर्चाचा वाद घालू नका. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांना फक्त विचारा की दुसरीच्या वर्गात उभं राहून वाचताना कसं वाटायचं. सात वर्षं म्हणजे पहिली-दुसरी, त्यांना आठवत असणार.

आता कुठे जायचं ते. पहिली भेट थेरपिस्टची नाही, कानाच्या तपासणीची. ‘हाक मारली की वळतो’ यावरून ऐकू येतं असं ठरवू नका. हाकेतले स्वर मोठे असतात, ते थोडं कमी ऐकू येणाऱ्यालाही पोचतात. ‘क’, ‘त’, ‘स’ हे आवाज बारीक आहेत आणि ऐकण्यात थोडी उणीव असली तर तेच आधी निसटतात. सर्दीत कान दुखणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकतं; दुखणं थांबतं, पाणी कित्येक आठवडे राहतं आणि तेवढे दिवस मूल कानात बोटं घातल्यासारखं ऐकतं. यासाठी दोन तपासण्या करून घ्या: ऑडिओमेट्री, म्हणजे आवाज ऐकला की ठोकळा टाकायचा असा खेळ, आणि टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का ते पाहणं. दोन्हीत सुई नाही, दुखत नाही. सर्दी असतानाची आणि नसतानाची अवस्था वेगळी येऊ शकते, म्हणून तारखेजवळ नाक वाहत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. सोनू तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, हेही सांगा.

चाळीसगावहून धुळं जवळ आहे, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या कान-नाक-घसा विभागात विचारा. दुसरा सरकारी रस्ता 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करणारं डॉक्टरांचं पथक येतं, ते याच कार्यक्रमाचं. त्याला जोडून जिल्हा पातळीवर ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असतं आणि तिथे ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे) आणि थेरपिस्ट यांची जागा असते. जागा असणं आणि माणूस असणं यात फरक पडतो, म्हणून रजा टाकून निघण्याआधी फोन करून त्यांचे वार विचारा. सोनूची शाळा खासगी असली तरी ग्रामीण रुग्णालयातून तिकडची चिठ्ठी मिळते का ते बघा. मुंबईला नातेवाईक असतील तर वांद्रे रेक्लमेशनजवळची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था 1983 पासून हेच काम करते. नायर रुग्णालयातही असा विभाग आहे आणि पुण्यात भारती विद्यापीठात. तिथे शिकणारे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी देतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्याइतका वेळ तुम्हाला फार कुणी देणार नाही.

खासगीत जाल तर पाटी वाचून भुलू नका. ‘स्पीच थेरपी’ लिहिलेली पाटी हल्ली बालवाडीच्या वरच्या मजल्यावरही दिसते. समोरच्या व्यक्तीकडे बी.ए.एस.एल.पी. ही वाचा-श्रवण विषयातली पदवी किंवा त्यापुढची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको, परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासताही येतो. फी काही शे रुपयांपासून हजाराच्या पुढेही असते, गाव आणि माणूस बघून. वीस-पंचवीस सत्रांचं पॅकेज आगाऊ भरायला लावणाऱ्यांपासून जरा लांब राहा, विशेषतः मुलाला तपासण्याआधीच पॅकेजचं बोलणं सुरू झालं तर.

थेरपिस्टच्या पहिल्या भेटीत काय होतं? चित्रं दाखवून पन्नासएक शब्द म्हणवून घेतात, गप्पा मारतात, तोंड, टाळू, दात बघतात. मग तो आवाज थोड्या मदतीने निघतो का ते पाहतात, आणि इथे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कामाला येतं. ‘एक’ तो कधीकधी नीट म्हणतो! म्हणजे त्याच्या जिभेला ‘क’ ठाऊक आहे. बऱ्याच मुलांना तो शब्दाच्या शेवटी आधी सापडतो. थेरपिस्ट बहुधा तिथूनच धागा ओढेल: एक, मग ‘एक-कप’, ‘एक-काकू’, एकाच्या शेपटीला पुढचा शब्द जोडून. किंवा सोनूला उताणं झोपवून, जीभ आपोआप मागे सरकल्यावर ‘क’ काढून घेईल. आवाज निघाला की का-कू-को, मग शब्द, मग दोन शब्द, वाक्य, गोष्ट आणि शेवटी भांडण. भांडताना ‘क’ बरोबर आला की झालं म्हणायचं, कारण तेव्हा कुणी उच्चारावर लक्ष ठेवून बोलत नाही.

दिवसांचं नेमकं सांगता येत नाही. आठवड्याला एक किंवा दोन सत्रं आणि घरचा सराव रोज, असं धरलं तर ‘क’-‘ग’साठी काही महिने लागतात, वर्षं लागावीत असं पत्रावरून तरी वाटत नाही. दर आठवड्याला धुळं गाठणं जमणार नसेल, तर व्हिडिओ कॉलवरची थेरपी या प्रकारात बऱ्यापैकी चालते, कारण सोनू पाच मिनिटं एका जागी बसून चित्रं बघू शकेल एवढा मोठा आहे. मात्र पहिली तपासणी समोरासमोर करा आणि शेजारी तुम्ही बसा.

आणि हो, थेरपी मराठीत होऊ द्या. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल आणि कुणी ‘घरात आता एकच भाषा बोला’ म्हणालं, तर ऐकू नका. दोन-तीन भाषांमुळे उच्चार बिघडत नाहीत. आजीची अहिराणी तर मुळीच बंद करू नका.

घरचं काम सांगते. ‘नीट बोल, परत म्हण, क म्हण क’, हे आजपासून बंद. जे तो म्हणू शकत नाही ते दहादा म्हणवून घेतलं, तर चुकीचाच दहादा सराव होतो आणि वर तो बोलायचा कंटाळा करतो. तो म्हणाला, ‘मला दाडी पाहिजे,’ तर तुम्ही म्हणा, ‘गाडी पाहिजे? ही घे गाडी. लाल गाडी कुठे निघाली?’ बरोबर शब्द दोन-तीनदा त्याच्या कानावर पडला, त्याला टोकलंही नाही. कळलंच नाही तर खोटं ‘हो हो’ करू नका, ते त्याला समजतं. ‘मला दाखव बरं’ म्हणा.

ऐकण्याचा खेळ मात्र आजपासून खेळा. गाडी आणि दाढी, कार आणि तार, गार आणि दार, अशी जोडीजोडीची चित्रं काढा. तुम्ही शब्द म्हणायचा, त्याने चित्र उचलायचं. ‘कार’ म्हटल्यावर तो तारेचं चित्र उचलत असेल, तर ते लिहून ठेवा, थेरपिस्टला हवं असतं. मग बाबांना खेळात ओढा. ‘बाबांची गाडी फार वाढली, न्हाव्याकडे नेऊ या’ असं तुम्ही मुद्दाम म्हणा आणि सोनू तुमची चूक पकडतो का बघा. मुलांना मोठ्यांच्या चुका काढायला फार आवडतं, आणि दोन आवाज वेगळे आहेत हे त्यातून जितकं कळतं तितकं कुणी सांगून कळत नाही. थेरपी सुरू झाली की तिथून मिळालेला सराव रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. रविवारी दोन तास करून भरपाई होत नाही. चुलत भावंडं नक्कल करून हसत असतील तर ते तिथल्या तिथे थांबवा, आणि आजीलाही सांगा की ‘ताय तलतो माझा लाजा’ हे लाड आता पुरे.

जाताना सोबत नेण्यासाठी मोबाइल कामी येईल. सोनू खेळताना बोलतोय असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या नकळत काढा. दवाखान्यात मुलं गप्प बसतात. जन्माच्या वेळचं कार्ड, कानाच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आणि त्याच्या शब्दांची यादी, पत्रात लिहिलीत तशीच, पण मोठी. तोच शब्द तो दर वेळी वेगळा म्हणत असेल, बोलताना आवाज नाकातून येत असेल, किंवा आधी येणारे शब्द हरवले असतील, तर ते आधी सांगा. त्याचा अर्थ निराळा असतो आणि मग वाट बघायची नसते.

राहिलं गॅदरिंग. बाईंचा हेतू वाईट नसेल, मुलाचं हसं होऊ नये असंच त्यांना वाटलं असेल. पण वाक्य काढून घेतल्याने त्याला एवढंच समजलं की आपण बोलायचं नाही. त्यांना भेटा, तक्रार म्हणून नाही, तयार वाक्य हातात घेऊन. सोनूला हत्ती करा. ‘मी आहे हत्ती! माझं पोट मोठं, माझे दात मोठे!’ यात ‘क’ नाही, ‘ग’ नाही, ‘र’ नाही. शेवटच्या बाकावरच्या आजोबांनाही कळेल. सोंडेचं वाक्य दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा.